मे कापून गणपती वाढवले : ‘वर्षभर शाळा’ या प्रस्तावाचे एका खाडीकाठच्या हायस्कुलात काय झाले

हे प्रकरण सिंधुदुर्ग जिल्ह्यातील एका अनुदानित माध्यमिक शाळेचे आहे. शाळेची ओळख पटू नये म्हणून गाव, संस्था आणि माणसे यांची नावे दिलेली नाहीत. आकडे त्या शाळेच्या हजेरीपत्रकांतले आहेत. ते इतर शाळांना जसेच्या तसे लागू होणार नाहीत, मात्र ते काढायची रीत कुठेही वापरता येईल.

पार्श्वभूमी

पाचवी ते दहावी, नऊ तुकड्या, पट ३४०. मुख्याध्यापिका, पर्यवेक्षक धरून बारा शिक्षक, एक लिपिक, दोन शिपाई. इमारत जांभ्याची. अर्ध्या भागावर मंगलोरी कौले, उरलेल्यावर पत्रा. मुले अकरा वाड्यांतून येतात. त्यांतली १४० एसटीच्या तीन शालेय फेऱ्यांनी, साठेक मुले व्हाळावरचा साकव (ओढ्यावरचा छोटा पूल) ओलांडून, बाकीची पायी किंवा सायकलने.

कोकणातल्या बहुतेक जुन्या हायस्कुलांसारखा इथलाही कारभार दोन ठिकाणांहून चालतो. मुंबई कमिटी पैसा आणि धोरण पाहते, स्थानिक शाळा समिती रोजचे व्यवहार. प्रस्ताव मुंबई कमिटीकडून आला. अध्यक्षांनी अमेरिकेतील ‘४५–१५’ वेळापत्रकाबद्दल वाचले होते. त्यात ४५ दिवस शाळा, १५ दिवस सुट्टी अशी वर्षातून चार आवर्तने होतात. दीड महिन्याच्या उन्हाळी सुट्टीत मुले सगळे विसरतात, मग कोकणात हे का नको, असा त्यांचा प्रश्न होता.

प्रश्न गैर नव्हता. पाचवी-सहावीच्या वर्गशिक्षकांना जूनचे पहिले तीन आठवडे भागाकार आणि जोडाक्षरे पुन्हा घोटून घ्यावी लागतात. पण ज्या व्यवस्थेचा दाखला दिला जात होता, तिचा इतिहास अध्यक्षांना ठाऊक नव्हता. मिसुरी राज्यातल्या सेंट चार्ल्स इथे १९६९ मध्ये ४५–१५ सुरू झाले ते मुख्यतः वर्गखोल्या पुरत नव्हत्या म्हणून. मुलांचे गट पाडून एक गट सुट्टीवर पाठवायचा आणि त्याची खोली दुसऱ्या गटाला द्यायची. लॉस एंजेलिसमध्येही गर्दीपायीच हे बरीच वर्षे चालले आणि नव्या इमारती झाल्यावर बंद झाले. नॉर्थ कॅरोलायनातल्या वेक काउंटीने २००७ मध्ये २२ शाळा सक्तीने वर्षभराच्या वेळापत्रकावर आणल्या, त्यामागेही वाढता पटच होता. शिकण्यावरचा परिणाम अभ्यासकांनी तपासला तेव्हा सरासरी फायदा अगदी थोडा निघाला, गरीब घरांतल्या मुलांना तो जरा जास्त. तिथल्या शाळाप्रमुखांच्या तक्रारी मात्र इथल्या मुख्याध्यापकांना तोंडपाठ वाटाव्यात अशा आहेत : इमारत दुरुस्तीला सलग वेळ मिळत नाही, एकाच घरातल्या भावंडांच्या सुट्ट्या जुळत नाहीत, कार्यालयाला कधीच उसंत नसते.

आपल्या शाळेत खोल्यांची टंचाई नव्हती. पट उतरता होता. त्यामुळे ‘वर्षभर शाळा’ हवी असेल तर ती नेमकी कशासाठी, याचे उत्तर आधी लागणार होते.

अडचण काय होती

मुख्याध्यापिकांनी नोव्हेंबर २०२३ मध्ये लिपिकांकडून एक साधा तक्ता करून घेतला. मागच्या दोन वर्षांचा प्रत्येक कामाचा दिवस, त्या दिवशीची वर्गवार हजेरी, आणि ६० टक्क्यांच्या खाली गेलेला दिवस लाल. कारणाच्या रकान्यात एकच शब्द : पाऊस, सण, शेती, एसटी, इतर. या कामाला चार दिवस लागले. पुढचे सगळे निर्णय याच तक्त्यावर उभे राहिले.

लाल दिवस वर्षभर विखुरलेले नव्हते, गठ्ठ्यांनी आले होते. जुलै-ऑगस्टमध्ये वर्षाला नऊ, शिवाय रेड अलर्टमुळे जिल्हाधिकाऱ्यांनी शाळा बंद ठेवल्याचे चार. गणपतीच्या आगेमागे सात. शिमग्याला तीन. एप्रिलचा शेवटचा पंधरवडा, म्हणजे परीक्षा आटोपल्यावरचे सहा.

गणपतीची गोष्ट कोकणात कुणाला सांगायला नको. सुट्टी पाच दिवसांची असली तरी चाकरमानी चतुर्थीच्या चार दिवस आधी उतरतात. घर सारवायचे, माटी (गणपतीच्या डोक्यावरची फळापानांची चौकट) बांधायची, बाजार आणायचा, त्यात मुले शाळेत पाठवतो कोण? गौरी गेल्यावर परतीच्या गाड्यांची गर्दी, त्यात पुन्हा दोन दिवस. शाळा उघडी, शिक्षक हजर, वर्गात पंधरा मुले. अशा दिवशी नवीन धडा घेता येत नाही आणि घेतला तर पुन्हा घ्यावा लागतो. कागदावर तो कामाचा दिवस, प्रत्यक्षात फुकट गेलेला.

म्हणजे अध्यक्षांचा प्रश्न मे महिन्याचा होता आणि तक्ता बोट दाखवत होता पावसाकडे आणि गणपतीकडे. ही तफावत वेळीच दिसली नसती तर पुढची सगळी चर्चा भलत्याच महिन्यावर झाली असती.

नियम काय सांगतात

इथे थोडे थांबायला हवे, कारण अनेक संस्थाचालकांना शाळेचे वेळापत्रक आपल्या ठरावाने बदलता येते असे वाटते.

शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार पहिली ते पाचवीला वर्षात किमान २०० दिवस आणि ८०० तास, सहावी ते आठवीला २२० दिवस आणि १००० तास अध्यापन हवे. राज्याच्या माध्यमिक शाळा संहितेप्रमाणे कामाचे दिवस किमान २३० आणि रविवार सोडून एकूण सुट्ट्या ७६ पेक्षा जास्त नाहीत. वर्षाच्या ३६५ दिवसांतून ५२ रविवार गेले की ३१३ उरतात, ७६ सुट्ट्या गेल्या की २३७. म्हणजे सगळ्या सुट्ट्या घेतल्या तर हाताशी फक्त सात दिवस जादा.

तासांचा हिशेब आणखी काटेकोर. या शाळेत सोमवार ते शुक्रवार ३५ मिनिटांच्या आठ तासिका, शनिवारी पाच. आठवड्याला सव्वासव्वीस तास. २३७ दिवसांचे साडेएकोणचाळीस आठवडे धरले तर वर्षाला साधारण १०३७ तास. सहावी ते आठवीसाठी शिल्लक ३७ तासांची, म्हणजे आठ दिवसांची. रेड अलर्टचे चार गेले की उरले चार. यात स्नेहसंमेलन आणि क्रीडास्पर्धांचे दिवस अजून वजा केलेलेच नाहीत.

बदलाची वाट मात्र एक आहे. दरवर्षीच्या सुट्ट्यांच्या परिपत्रकात एक ओळ असते : उन्हाळ्याची किंवा दिवाळीची दीर्घ सुट्टी कमी करून ती गणेशोत्सव किंवा नाताळ अशा सणाला, संबंधित शिक्षणाधिकाऱ्यांच्या परवानगीने, समायोजित करता येते. बहुतेक शाळांत ही ओळ वाचून पुढे जातात. या प्रकरणाचा सगळा डोलारा तिच्यावर उभा राहिला.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय मुंबई कमिटीचा, पूर्ण ४५–१५. तो कुणी हसून उडवला नाही, पर्यवेक्षकांनी कागदावर मांडून दाखवला. आपल्याकडे सहा दिवसांचा आठवडा आणि २३७ दिवस, त्यामुळे एक आवर्तन ५९ दिवसांचे होते. ७६ पैकी सणवार, जयंत्या, राष्ट्रीय दिवस असे वीसेक वजा केले की ५६ उरतात, म्हणजे दर आवर्तनामागे १४ दिवस सुट्टी. थोडक्यात, ४५–१५ आपल्याकडे आले की ५९–१४ होते.

१५ जूनला सुरुवात केली तर पहिले आवर्तन ऑगस्टअखेर संपते. गणपतीला नेमके बसते असे वाटते, पण गणपती तारखेने येत नाहीत. २०२३ मध्ये चतुर्थी १९ सप्टेंबरला होती, २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला. अधिक मास आला की तीन आठवड्यांचा फरक पडतो. दुसरे आवर्तन नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत जाते आणि दिवाळी मध्येच येऊन ते मोडते. तिसऱ्याची सुट्टी फेब्रुवारीत, म्हणजे दहावीच्या सराव परीक्षा आणि बोर्डाच्या तोंडावर. चौथे थेट मे महिन्यातून जाते. पाणी, एसटी, पोषण आहार, संचमान्यता (पटावरून शिक्षकांच्या पदांची मंजुरी), बोर्ड या सगळ्यांचे घड्याळ जून ते एप्रिल असे लावलेले. एकट्या शाळेने ते फिरवायचे म्हटले तर मुख्याध्यापकांचे वर्ष पत्रव्यवहारातच जाईल. हा पर्याय एका बैठकीत बाजूला ठेवला गेला.

दुसरा पर्याय, समायोजन. काही दिवस उन्हाळी सुट्टीतून काढायचे आणि गणपतीला जोडायचे. पावसाळ्यासाठी राखीव दिवस ठेवता येतील का, हेही विचारून पाहिले. परिपत्रक सणाबद्दल बोलते, पावसाबद्दल नाही. पाऊस कधी पडेल हे आधी लिहून देता येत नाही आणि लिहून दिल्याशिवाय परवानगी मिळत नाही. शिमग्याचे तीन दिवसही मागावेत असा आग्रह शाळा समितीत झाला. मार्चमध्ये शाळा दहावीचे परीक्षा केंद्र असते, त्यामुळे तो विषय तिथेच मिटला.

तिसरा पर्याय सुट्ट्यांना हात न लावण्याचा. जुलैच्या लाल दिवसांची कारणे एसटी आणि साकव ही असतील, तर शाळेची वेळ आणि एसटीची वेळ बदलायची. हा पर्याय पर्यवेक्षकांचा. सुरुवातीला त्याकडे कुणी फारसे लक्ष दिले नाही, कारण त्यात ‘वेळापत्रक बदलले’ असे मुंबईला कळवण्याजोगे काही नव्हते.

तालुक्यातल्या मुख्याध्यापकांच्या सहविचार सभेत विषय निघाला तेव्हा मते दुभंगली, आणि कशी दुभंगली ते पाहण्यासारखे होते. ज्यांच्या शाळा बाजारपेठेत आणि स्लॅबच्या इमारतीत होत्या, त्यांना सुट्टी वाटून घेणे पटत होते. ज्यांच्याकडे कौलारू इमारत, विहिरीचे पाणी आणि वाड्यावस्त्यांवरची मुले होती, ते मे सोडायला तयार नव्हते. वर्गात काय शिकवले जाते याच्याशी या मतभेदाचा फारसा संबंध नव्हता. छप्पर कशाचे आणि पाणी कुठून येते यावर मत ठरत होते. एका ज्येष्ठ मुख्याध्यापकांनी थेट विचारले, “बाई, मे महिन्यात मुलं आणाल, पण शाकारणी कधी करणार?” शाकारणी म्हणजे पावसाआधी कौले उतरवून छप्पर नीट करणे. या प्रश्नाला त्या दिवशी नीट उत्तर मिळाले नाही.

निर्णय आणि अंमलबजावणी

दुसरा पर्याय ठरला. डिसेंबरमध्ये पालक-शिक्षक संघाची सभा झाली. गणपतीची सुट्टी वाढवायला सगळ्यांचे हात वर, मे कापायला निम्मे. एक बागायतदार उठून म्हणाले, “मे म्हयन्यात पोरगो शाळेत, मगे बागेत कोण?” हसू झाले, पण इतिवृत्तात ही हरकत लिहिली गेली नाही. जानेवारीत शाळा समितीचा ठराव झाला. ठराव, हजेरीचा तक्ता आणि दोन्ही बाजूंच्या दिवसांचा ताळेबंद असा प्रस्ताव शिक्षणाधिकाऱ्यांकडे (माध्यमिक) गेला. कार्यालयाने एकच त्रुटी काढली : कोणत्या तारखा वाढणार त्या लिहिल्या होत्या, कोणत्या तारखा कमी होणार त्या मोघम होत्या. दुरुस्त करून पाठवल्यावर परवानगी आली.

२०२४-२५ साठी गणपतीची सुट्टी पाचावरून अकरा दिवस झाली, ५ ते १७ सप्टेंबर, मधले दोन रविवार वगळून. भरपाईचे सहा दिवस पुढच्या उन्हाळ्यात : २ ते ८ मे २०२५, रविवार सोडून, सकाळी ७.२० ते ११.३०.

शिक्षकांनी रास्त प्रश्न विचारला : मे महिन्यात काम केले तर अर्जित रजा मिळणार का? सुट्टी काढून घेतलेली नाही, हलवली आहे, एकूण सुट्ट्या तेवढ्याच राहतात, त्यामुळे अर्जित रजेचा हक्क येत नाही, असे लिपिकांनी लेखी टिपण करून सर्वांना वाचायला दिले. हे टिपण सप्टेंबरच्या आधी फिरले म्हणून मे महिन्यात वाद झाला नाही.

सप्टेंबर चांगला गेला

फारसे सांगण्यासारखे नाही. गणपतीच्या आगेमागचे लाल दिवस सातावरून दोनवर आले. १८ सप्टेंबरला शाळा उघडली तेव्हा वर्ग भरलेले होते. सहामाहीचा अभ्यासक्रम वेळेत संपला. मुंबई कमिटीने अभिनंदनाचे पत्र पाठवले. ते बहुधा जरा लवकरच पाठवले.

मेचे सहा दिवस

मेमध्ये पाच गोष्टी एकाच वेळी आडव्या आल्या. त्यांतल्या चार आधी कळण्यासारख्या होत्या.

राज्याने २०२५ मध्ये पहिली ते नववीच्या वार्षिक परीक्षा एका वेळापत्रकात आणल्या आणि त्या २५ एप्रिलपर्यंत चालल्या. निकाल १ मेला. आधीच्या नियोजनात परीक्षा एप्रिलच्या मध्याला संपवून मेमध्ये उजळणी घेण्याचा बेत होता. आता २ मेला येणाऱ्या मुलाची परीक्षा झालेली, निकाल हातात. आठवीत गेलेल्या मुलाला सातवीची उजळणी काय म्हणून द्यायची? वेळेवर ठरले असते तर हे सहा दिवस पुढच्या इयत्तेच्या सुरुवातीसाठी वापरता आले असते. पण पुस्तके जूनमध्ये येतात, आणि जुनी पुस्तके गोळा करून पुढच्या वर्गाला द्यायची सोय केलेली नव्हती. ही एक गोष्ट मात्र आधी कळणे कठीण होते.

दुसरी एसटी. शालेय फेऱ्या सुट्टीत बंद होतात आणि गाड्या हंगामी जादा फेऱ्यांवर जातात. शाळेचा अर्ज आगारात २२ एप्रिलला पोहोचला. तोपर्यंत मेचे नियोजन झाले होते. तीनपैकी एकच फेरी मिळाली, तीही सव्वाआठला शाळेजवळ पोहोचणारी, म्हणजे दुसरी तासिका चालू असताना. मुलींचा मोफत पास आणि मुलांचा सवलतीचा पास एप्रिलअखेरपर्यंतचे होते. सहा दिवसांसाठी ते नव्याने काढायचे तर मुख्याध्यापकांच्या सहीचे अर्ज, आगारात खेप, रांग. बऱ्याच पालकांनी ते केलेच नाही.

तिसरी भावंडे. गावातली जिल्हा परिषदेची शाळा १ मेनंतर बंद झाली. आई काजूच्या किंवा आंब्याच्या कामावर, धाकटी भावंडे घरी, मग त्यांना सांभाळायला थांबली आठवी-नववीतली मुलगी. सहा दिवसांची वर्गवार हजेरी नंतर मांडली तेव्हा सर्वात मोठी घसरण या दोन वर्गांतल्या मुलींची निघाली. मुलगे बागेत जातील हे सर्वांनी धरले होते. मुली घरी राहतील हे कुणाच्या लक्षात आले नव्हते, कारण पालकसभेत बोलणारे बहुतेक वडील होते.

चौथी पाणी आणि आहार. आवारातली विहीर एप्रिलच्या मध्यापासून तळ गाठते. सकाळच्या सत्राला स्वच्छतागृहे धरून दिवसाला दोन हजार लिटरच्या आसपास पाणी लागले. ग्रामपंचायतीचा टँकर वाड्यांना आधी, शाळेला नंतर, आणि ते योग्यच. शेवटी पाच हजार लिटरचे दोन टँकर विकत घ्यावे लागले. पोषण आहाराच्या तांदळाची मागणी एप्रिलअखेरपर्यंतचीच नोंदलेली होती. पाचवीला माणशी १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीला १५० ग्रॅम या प्रमाणाने पूर्ण हजेरीला दिवसाला सुमारे २९ किलो लागले असते. शिल्लक साठ्यातून भागले ते हजेरी निम्म्यावर होती म्हणून. स्वयंपाकी मदतनीसांचे मानधन वर्षात दहा महिन्यांचे असते, मे त्यात नसतो. सहा दिवसांचे पैसे संस्थेने दिले.

पाचवी शाकारणी. दरवर्षी ३ मेला कौले उतरायला सुरुवात होते. फुटकी वेगळी काढायची, वासे-रिपा तपासायच्या, वाळवी लागलेल्या बदलायच्या, कोनांवरचा चुना-सिमेंट काढून नवा भरायचा, पन्हळी साफ करायच्या. तीन आठवड्यांचे काम. गडी ठरलेले असतात आणि एका शाळेसाठी आठवडाभर थांबत नाहीत, कारण तालुक्यातले प्रत्येक घर त्याच वेळी त्यांना बोलावत असते. शाळेने त्यांना ९ मेपासून यायला सांगितले, ते १३ मेला आले. आणि त्या वर्षी पाऊस मे महिन्यातच आला. २० मेच्या सुमारास वळवाने झोडपायला सुरुवात केली आणि २५ मेला मान्सून देवगडपर्यंत पोहोचला. तेव्हा पूर्वेकडच्या तीन खोल्यांची कौले खाली होती. ताडपत्री टाकली, तरी दोन खोल्यांतले बाक भिजून फुगले. जूनमध्ये दोन तुकड्या एकत्र बसवाव्या लागल्या.

हजेरी २ मेला ५२ टक्के होती, ८ मेला ३८. सप्टेंबरमध्ये वाचवलेले दिवस मे महिन्यात बहुतांशी गमावले, वर टँकर आणि बाक यांचा खर्च.

दुसऱ्या वर्षी काय बदलले

जून २०२५ मध्ये मुंबई कमिटीचा सूर सगळे मोडीत काढावे असा होता. मुख्याध्यापिकांचे म्हणणे वेगळे : गणपतीची सुट्टी वाढवणे बरोबर होते, ती कुठून काढली ते चुकले. परिपत्रकात दिवाळीचाही उल्लेख आहे. कोकणात दिवाळी हा घरातला सण. चाकरमानी त्यासाठी गणपतीसारखे धावून येत नाहीत. शिवाय दिवाळीच्या सुट्टीच्या शेवटच्या आठवड्यात एसटी चालू असते, विहिरीला पाणी असते, छप्पर जागेवर असते. आक्षेप एकच : दिवाळी ऑक्टोबरात आली की ती भातकापणीवर पडते. पण कापणीचा जोर सुट्टीच्या सुरुवातीला असतो, कापायची होती ती शेपटी.

२०२५-२६ मध्ये गणपतीची सुट्टी नऊ दिवसांची केली आणि जादाचे चार दिवस दिवाळीच्या शेवटी कमी केले. अकराचे नऊ करण्यामागे तक्ता होता : पहिल्या वर्षी शेवटच्या दोन दिवसांत चाकरमानी परतलेले होते, मुले घरी नुसतीच बसून होती. गणपतीच्या आगेमागे एक लाल दिवस राहिला. दिवाळीनंतरच्या चार दिवसांची हजेरी पहिल्या दिवशी ६४ टक्के होती आणि नंतर नेहमीसारखी.

जुलैसाठी पर्यवेक्षकांचा जुना पर्याय बाहेर काढला. लाल दिवसांची हजेरी या वेळी वर्गवार न मांडता वाडीवार मांडली. मुले सगळ्या वाड्यांतून कमी होत नव्हती. दोन एसटी मार्ग आणि साकवापलीकडच्या दोन वाड्या एवढ्यांनीच हजेरी खाली ओढली होती. संध्याकाळची फेरी सव्वापाचची. पावसात अंधारून येते, व्हाळाला पाणी चढते, म्हणून पालक सकाळीच मुलांना ठेवून घेत. जुलै-ऑगस्टपुरती शाळा वीस मिनिटे आधी भरवली, मोठी सुट्टी ४० ऐवजी ३० मिनिटांची केली आणि आठही तासिका पूर्ण ठेवून साडेचारऐवजी चारला शाळा सोडली. आगाराला अर्ज मे महिन्यातच दिला, सोबत वाडीवार विद्यार्थिसंख्या जोडली. फेरी सव्वाचारची झाली. लाल दिवस नवावरून पाचवर आले. एकही सुट्टी न हलवता मिळालेला हा फायदा सप्टेंबरच्या फायद्याच्या जवळपास होता.

रेड अलर्टच्या दिवसांवर शाळेचा काही अधिकार चालत नाही. आदेश कधी रात्री उशिरा येतो, कधी पहाटे, तोवर लांबची मुले निघालेली असतात. आता प्रत्येक वाडीत एक पालक नेमला आहे. सकाळी सहाला त्याला फोन जातो आणि साकवापलीकडची मुले त्याच्या निरोपाशिवाय घर सोडत नाहीत.

वेगळे काय करता आले असते

पहिल्या वर्षीचा ताळेबंद दिवसांचा होता : सहा घेतले, सहा दिले. पण सप्टेंबरचा दिवस आणि मेचा दिवस शाळेला सारख्या किमतीत पडत नाहीत. ठरावासोबत भरपाईच्या प्रत्येक तारखेपुढे एसटी, पाणी, आहार, इमारत आणि जवळच्या प्राथमिक शाळेची सुट्टी असे पाच रकाने भरायला लावले असते, तर मे तिथेच बाद झाला असता. दिवाळीचा पर्याय त्याच परिपत्रकात, त्याच वाक्यात होता. तो पहिल्या वर्षी कुणी पाहिला नाही, कारण चर्चा उन्हाळी सुट्टीवरून सुरू झाली होती.

उन्हाळी सुट्टीचेच दिवस घ्यायचे असते तर सुरुवातीचे की जूनमधले, याचाही विचार झाला नाही. ८ ते १४ जून या दिवसांत एसटीचे नियोजन बदललेले असते, शाकारणी उरकलेली असते, मुलांचे मन नव्या इयत्तेत असते. पुस्तके वेळेत आली नाहीत तरी भाषा आणि गणिताच्या पायाभूत तयारीला तो आठवडा पुरतो, आणि अध्यक्षांची मूळ तक्रार, मुले विसरतात ही, तिथेच थोडीफार भागते. एवढेच की, ते दिवस पुढच्या शैक्षणिक वर्षात मोजले जातात की चालू वर्षात, हे शिक्षणाधिकारी कार्यालयाकडून आधी लेखी घ्यावे.

पालकसभेतली बागायतदाराची हरकत इतिवृत्तात यायला हवी होती. आयांची वेगळी बैठकही घ्यायला हवी होती, दुपारी चारनंतर आणि वाडीत जाऊन. दुसऱ्या वर्षी दोन वाड्यांत तशी बैठक झाली, नऊ वाड्या अजून राहिल्या आहेत.

२०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ असल्याने चतुर्थी १४ सप्टेंबरला येते. त्यामुळे गणपती आणि दिवाळी यांच्यामधला काळ भरगच्च पण सलग मिळेल, आणि सहामाही त्याआधी घ्यायची की नंतर, हा प्रश्न उरतो. जिल्हा परिषदेच्या शाळेशी सुट्टी जुळवण्यासाठी केंद्रप्रमुखांना पत्र दिले आहे. त्या शाळेच्या सुट्ट्या जिल्हा पातळीवर ठरतात, त्यामुळे उत्तर तिथूनच यायचे आहे. तोवर हायस्कुलाने आपला प्रस्ताव नऊ दिवस आणि दिवाळीची शेपटी याच धर्तीवर, कमी होणाऱ्या तारखा स्पष्ट लिहून, सादर केला आहे.